कालाहारीत स्वतः गाडी चालवत जाताना: किलोमीटर कमी, मुक्काम जास्त

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं चौघांचं कुटुंब, मुलगी चौदा वर्षांची, मुलगा नऊचा. पुढच्या मे महिन्याच्या सुट्टीत हातात बारा दिवस. टपावर तंबू असलेली फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी, भाड्याने घ्यायची आणि कालाहारी वाळवंट, नामिबियातलं सोसुसव्हले आणि इटोशा आणि जमलं तर बोत्स्वानातलं ओकावांगो असं सगळं एका दमात करायचं. विचारलंय की फोर बाय फोर खरंच लागते का, तंबूत झोपणं सुरक्षित आहे का, शाकाहारी माणसांनी खायचं काय आणि प्राणी हमखास दिसतील असा मार्ग कोणता.

मी दक्षिण आफ्रिकेत राहतो, या वाळवंटात वर्षानुवर्षं स्वतः गाडी घेऊन जातो आणि भारतातून येणाऱ्या मराठी मंडळींना मार्ग आखून देतो. तेव्हा स्पष्टच सांगतो: तुमची यादी बारा दिवसांत होईल, पण ती गाडीच्या काचेतून होईल. कालाहारीतलं माता-माता फाटक ते इटोशा हे अंतरच हजार किलोमीटरच्या घरात आहे, त्यातला बराच भाग खडीचा. मुलं मागच्या सीटवर कंटाळतील, तुम्ही थकाल, आणि वाळवंटात थकलेला ड्रायव्हर हा सिंहापेक्षा मोठा धोका असतो. चारांपैकी एक जागा निवडा. हत्ती आणि गेंडा पाहायचाच असेल तर इटोशा निवडा, ओकाकुएयोच्या पाणवठ्यावर रात्री दिव्याच्या उजेडात दोन्ही दिसतात. पण वाळवंट, शिकारी प्राणी आणि निवांतपणा हवा असेल तर सगळे दिवस कालाहारीतल्या खालाखाडी उद्यानाला द्या. तुमचा प्रश्न वाचून मला तरी तेच योग्य वाटतं, म्हणून पुढचं सगळं त्याच उद्यानाबद्दल.

खालाखाडी ट्रान्सफ्रंटियर पार्क दक्षिण आफ्रिका आणि बोत्स्वाना यांचं सामाईक आहे. दक्षिण आफ्रिकेच्या बाजूचं उद्यान १९३१ मध्ये झालं, मुख्यतः गेम्सबॉक या लांब सरळ शिंगांच्या हरणाची बेसुमार शिकार थांबवायला. दोन्ही देशांचा करार १९९९ चा, आणि मे २००० मध्ये थाबो म्बेकी आणि फेस्टस मोगाए या दोन राष्ट्राध्यक्षांनी मिळून ते खुलं केलं. क्षेत्रफळ सुमारे ३८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या आठव्या हिश्श्याएवढं. त्यातला तीन चतुर्थांश भाग बोत्स्वानात आहे. दोन देशांमध्ये इथे कुंपण नाही. नोसोब नदीचं कोरडं पात्र हीच सीमा, आणि प्राणी ती रोज ओलांडतात.

ही कोरडी पात्रं समजून घेतलीत की मार्गाचा प्रश्न आपोआप सुटतो. उद्यानात औब आणि नोसोब अशा दोन नद्या आहेत. औबला चांगल्या पावसात कधीमधी पाणी येतं, नोसोब भरून वाहणं तर शतकातली गोष्ट. पण पात्राच्या तळाशी ओल टिकते, गवत सकस असतं, कॅमलथॉर्नची मोठी झाडं सावली देतात, आणि अंतराअंतरावर बोअरवेलचे पाणवठे आहेत. औबमधल्या कित्येक बोअर १९१४ सालच्या, पहिल्या महायुद्धात जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेवर, म्हणजे आजच्या नामिबियावर, चाल करून जाणाऱ्या सैन्यासाठी खोदलेल्या. सैन्य गेलं, पाणी राहिलं. दोन्ही बाजूंना लाल वाळूच्या टेकड्यांचा समुद्र आणि मधे हे दोन हिरवट पट्टे, त्यामुळे स्प्रिंगबॉक, गेम्सबॉक, विल्डबीस्ट या पट्ट्यांत उतरतात आणि त्यांच्या मागे सिंह, चित्ते, बिबटे, तरस. पर्यटकांचे मुख्य रस्तेही याच पात्रांतून जातात. प्राणी शोधत उद्यानभर फिरायची गरजच नसते.

म्हणून माझा पहिला नियम: दिवसाला शंभर किलोमीटरच्या वर गाडी चालवायची नाही, मुक्काम बदलायचा दिवस सोडून. सकाळी फाटक उघडताच बाहेर पडा, एखादा पाणवठा गाठा, इंजिन बंद करा आणि निदान दीड तास बसा. नोसोब नदीच्या पात्रात त्याच नावाचा कॅम्प आहे, त्याच्या उत्तरेला दहाएक किलोमीटरवर क्युबित्ये क्वाप नावाचा पाणवठा आहे. पहिल्या तासात तिथे काहीच नसतं आणि एकेक गाडी येऊन दोन मिनिटांत निघून जाते. मग आठ-साडेआठच्या सुमाराला आकाशात कलकलाट सुरू होतो आणि सँडग्राउजचे थवे उतरायला लागतात. हे आपल्या माळावरच्या पखुर्डीचे भाऊबंद. पाण्याच्या कडेला नर पोट टेकून बसतात आणि अंग हलवत छातीपोटाची पिसं भिजवतात. त्या पिसांत पाणी धरून ते कित्येक किलोमीटर उडत पिलांकडे नेतात आणि पिलं ती पिसं चोखून पाणी पितात. याच वेळी झाडावर ससाणा टपलेला असतो आणि काठावर कोल्हा. कोल्हा थव्यात उडी घेतो, बहुतेकदा हात हलवत परत जातो, पण पाच-सहा प्रयत्नांत एखादा पक्षी पकडतो. नऊ वर्षांचा मुलगा हे तासभर श्वास रोखून बघेल, याची मला खात्री आहे. फिरत राहणाऱ्याला यातलं काही दिसत नाही.

दुसरी गोष्ट, वाळूवरचे ठसे वाचायला मुलांना शिकवा. सिंह रात्री रस्त्यावरून चालतो, कारण तिथली वाळू त्याच्या पायाला सोपी. सकाळी फाटकातून बाहेर पडणाऱ्या पहिल्या दोन-चार गाड्यांत असाल तर रस्ता कोऱ्या पाटीसारखा मिळतो. ठसे काल संध्याकाळच्या टायरच्या खुणांवर उमटलेले असतील तर जनावर रात्रीतून गेलंय. टायरची खूण ठशावरून गेली असेल तर ते कालचं. कडा धारदार आणि आतली वाळू किंचित ओलसर गडद दिसली तर फार वेळ झालेला नाही, मग गाडी चालण्याच्या वेगाने न्या आणि ठसे रस्ता सोडून कुठे वळतात ते पाहा. सिंह आणि बिबट्याच्या ठशात नखं उमटत नाहीत, चित्त्याच्या आणि तरसाच्या उमटतात. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा बराच मोठा. एवढं कळलं तरी पुरे. ठशांखेरीज हरणांकडे लक्ष ठेवा. स्प्रिंगबॉकचा सगळा कळप चरणं थांबवून एकाच दिशेला टक लावून उभा असेल तर त्या दिशेच्या सावल्या दुर्बिणीने एकेक करून तपासा. औबच्या उतारांवर कॅल्क्रीटचे, म्हणजे पांढरट चुनखडकाचे, कठडे आहेत, बिबट्या त्यांच्यावर दुपारचा पहुडलेला असतो आणि रंगात इतका मिसळतो की शेपटी हलल्याशिवाय दिसत नाही.

काय दिसणार नाही तेही सांगतो. हत्ती, गेंडा, रानम्हैस यांच्यासाठी ही जागा नाही. काळ्या आयाळीचे सिंह, चित्ते, तपकिरी तरस, बॅट-इअर्ड फॉक्स, मीरकॅट, हनी बॅजर आणि शिकारी पक्षी यांच्यासाठी मात्र याच्या तोडीची जागा मला माहीत नाही. माळढोकाचा धिप्पाड नातेवाईक कोरी बस्टर्ड इथे रस्त्याच्या कडेने रमतगमत चालतो. आपल्याकडे माळढोकासाठी माळरानं पालथी घातलेल्यांना हे बघताना आनंदही होतो आणि गलबलूनही येतं. चित्त्याचंही तेच. कूनोत २०२२ मध्ये नामिबियातून आणि २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून चित्ते आणले. त्यांच्या जातभाईंना मोकळ्या पात्रात स्प्रिंगबॉकवर झेपावताना पाहिलंत की त्या प्राण्याला किती मोकळी जागा लागते ते डोळ्यांना कळतं.

आता महिना. मे उत्तम आहे. पाऊस साधारण जानेवारी ते एप्रिलमध्ये पडून गेलेला असतो, वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर, पण तेवढ्यावर पात्रांत चारा असतो. दिवसा पंचविशीतलं तापमान आणि रात्री थंडी. ती थंडी हलक्यात घेऊ नका. जून-जुलैत पारा शून्याच्या खाली बराच उतरतो आणि मेच्या अखेरीसही पहाटे तंबूच्या कापडावर दव गोठलेलं मी पाहिलंय. भाड्याच्या गाडीबरोबर मिळणारी पांघरुणं बेताचीच असतात, म्हणून प्रत्येकाला थर्मल, लोकरी टोपी, हातमोजे आणि पायमोजांचा जादा जोड न्याच. दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांना मी लहान मुलांसह येऊ नका असं सांगतो. तेव्हा पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि टपावरचा तंबू दुपारी भट्टी होतो.

गाडीबद्दल. ट्वी रिव्हिरेन, माता-माता आणि नोसोब हे तीन मुख्य कॅम्प जोडणारे रस्ते उंच बुडाच्या साध्या गाडीनेही होतात, आणि बुटक्या सेडान मोटारीतून आलेली माणसंही दिसतात. तरी मी तुम्हाला फोर बाय फोरच घ्यायला सांगेन, आणि कारण वाळू नाही, पन्हळ्या आहेत. सतत रहदारीने रस्त्याला पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडतात आणि कित्येक किलोमीटर गाडी थडथडत राहते. नट ढिले होतात, फ्रिजमधली अंडी फुटतात, माणसं वैतागतात. यावरचा उपाय म्हणजे टायरमधली हवा. फाटकाशी थांबून चारही टायर २६ पीएसआयच्या आसपास आणा, पन्हळ्यांची धार निम्म्याने कमी होते. मऊ, खोल वाळूत जायचं असेल तर १८ ते २० पर्यंत, पण मग वेग अगदी कमी आणि झटक्याने वळण नाही, नाहीतर टायर रिमवरून निसटतो. डांबरीवर परत आलात की आधी हवा भरा, मगच वेग वाढवा. कमी हवेचं टायर डांबरीवर तापतं आणि फुटतं. यासाठी चांगला कॉम्प्रेसर आणि स्वतःचा गेज लागतो. गेज पुण्याहूनच आणा, भाड्याच्या गाडीतल्या गेजवर माझा विश्वास नाही.

गाडी ताब्यात घेताना दोन तास राखून ठेवा. माझ्याबरोबरच्या एका कुटुंबाला पंक्चर झाल्यावर कळलं की गाडीखाली साखळीने टांगलेली स्टेपनी खाली उतरवायचा लांब दांडा गाडीत नाहीच. तो दांडा एका भोकातून आत घालून फिरवावा लागतो, नसेल तर स्टेपनी असून नसल्यासारखी. म्हणून गाडी देणाऱ्याच्या अंगणातच स्टेपनी उतरवून पाहा, जॅक लावून पाहा, जॅकखाली ठेवायला फळी आहे का पाहा. दोन स्टेपन्या मागा. फावडं, ओढायचा पट्टा, पंक्चर किट, फ्रिजसाठी दुसरी बॅटरी, गॅसच्या शेगडीची पिन, तंबूची शिडी, सगळं हातात घेऊन बघा. तंबू उघडून, मिटून, पट्टे आवळून एकदा करा आणि मुलांनाही करू द्या. विम्याच्या कागदात दोन गोष्टी वाचा: टायर-काच यांचा समावेश आहे का, आणि दुसरं वाहन नसताना झालेल्या अपघाताला काय लागू होतं. खडीच्या रस्त्यावरचे मोठे अपघात बहुधा असेच होतात. वेग जास्त, एक चाक मऊ कडेला जातं, चालक घाबरून स्टिअरिंग ओढतो आणि टपावर वजन असलेली गाडी उलटते. खडीवर ताशी ८० च्या वर जाऊ नका. उद्यानात तर मर्यादाच ताशी ५० आहे, आणि प्राणी पाहायचे असतील तर २५ पुरे. तुमच्या सोयीची गोष्ट म्हणजे इथेही गाडी रस्त्याच्या डावीकडूनच चालवतात आणि स्टिअरिंग उजवीकडेच. इंग्रजीतला, फोटोचा भारतीय परवाना चालतो, तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा, म्हणजे भाड्याच्या काउंटरवर आणि विम्याच्या दाव्यात वाद राहत नाही.

रुतलातच तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. चाक फिरवत राहिलात तर गाडी धुऱ्यापर्यंत खाली जाते. उतरायच्या आधी आजूबाजूला नीट पाहा, एकाला टपावर किंवा दारात पहाऱ्याला ठेवा, मग हवा आणखी कमी करा, चाकांपुढची आणि मागची वाळू काढा आणि आपल्याच चाकोरीतून मागे या. गाडी जिथून आत आली तो दाबलेला रस्ता हाच बाहेर पडायचा सगळ्यात सोपा मार्ग असतो.

बोत्स्वानाच्या बाजूला माबुआसेहुबेसारख्या भागात जायचा मोह तुम्हाला होईल, कारण तिथले फोटो विलक्षण असतात. या फेरीत नको. तिथे खोल वाळूचे एकेरी मार्ग आहेत, कॅम्पला कुंपण नाही, दुकान नाही, पिण्याचं पाणी नाही, आणि एकट्या गाडीने जाणं शहाणपणाचं नाही. शिवाय मार्गाच्या मधोमध वाढलेलं सुकं गवत गाडीच्या पोटाला घासतं, त्याच्या बिया रेडिएटरच्या जाळीत अडकून इंजिन तापतं आणि सायलेन्सरवर साठलेलं गवत पेटतं. गवताने जळालेल्या गाड्या ही कालाहारीतली खरी घटना आहे. ज्यांना जायचंय त्यांनी दर काही किलोमीटरवर उतरून खालून गवत काढायची शिस्त लावून घ्यावी. पण ती फेरी दोन गाड्या, अनुभवी माणसं आणि मोठी मुलं असताना.

हाच धागा तंबूच्या प्रश्नाकडे नेतो. दक्षिण आफ्रिकेच्या बाजूचे तीन मुख्य कॅम्प कुंपणाच्या आत आहेत, तिथे टपावरच्या तंबूत झोपणं सुरक्षित आहे. याखेरीज उरिकारूस, कीलीक्रांकी, ग्रूटकोल्क असे छोटे वाइल्डरनेस कॅम्प आहेत. तिथे कुंपण नसतं, मोजक्याच खोल्या आणि एक कर्मचारी. बहुतेकांत बारा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही, म्हणजे तुमच्या मुलामुळे ते आपोआप बाद. याला अपवाद माता-माताजवळचा कालाहारी टेंटेड कॅम्प. तिथल्या पक्क्या तंबूवजा खोल्यांत लहान मुलं चालतात, आणि रात्री सिंहाची डरकाळी अंथरुणातून ऐकायची असेल तर तिथली एक रात्र जरूर घ्या. फक्त तिथे अंधार पडल्यावर मुलं एकटी बाहेर पडता कामा नयेत, शेजारच्या खोलीपर्यंतही नाही.

कुंपणाच्या आतही काही नियम पाळावेच लागतात. नोसोबला कोल्हे कॅम्पात शिरतात आणि बाहेर ठेवलेली चप्पल, पिशवी, प्रसंगी भांडंही पळवतात. जेवण झालं की सगळं गाडीत, बूटसुद्धा. दिवसा प्रवासात गाडीतून उतरायची परवानगी फक्त ठरलेल्या पिकनिकच्या जागांवर आहे, आणि त्या जागांना कुंपण नाही. दीकबार्ट्सकोल्कला पोहोचलात की आधी संपूर्ण जागेला गाडीतून एक फेरी मारा, झाडांखाली आणि स्वच्छतागृहाच्या मागे पाहा, मग उतरा.

खरं तर सिंहापेक्षा पायाखालचं बघा. इथे पिवळा केप कोब्रा आणि पफ ॲडर दोन्ही आहेत. पफ ॲडर पळून जात नाही, रस्त्यात पडून राहतो, म्हणून रात्री टॉर्चशिवाय एक पाऊलही नाही आणि सपाता नाही, बंद बूट. विंचवांबाबत एक खूण लक्षात ठेवा: नांग्या बारीक आणि शेपटी जाड असेल तर तो जास्त विषारी. अतिनील प्रकाशाची छोटी टॉर्च आणा. तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतात आणि मुलांना आपल्या तंबूभोवती किती विंचू आहेत हे एकदा दिसलं की बूट घालण्यासाठी परत सांगावं लागत नाही. सकाळी बूट उलटे करून आपटूनच घालायचे. जवळचं मोठं रुग्णालय उपिंग्टनला, ट्वी रिव्हिरेनपासून अडीचशे किलोमीटरवर. त्यामुळे रुग्णाला विमानाने हलवण्याचा खर्च देणारा प्रवासविमा घ्या, तिथे पैसे वाचवू नका. मोबाइलची रेंज ट्वी रिव्हिरेन सोडलं की गेली, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं छोटं यंत्र भाड्याने मिळालं तर घ्या.

जेवणाचं तुम्हाला वाटतं तेवढं अवघड नाही. ट्वी रिव्हिरेनला रेस्टॉरंट आहे, पण ते मांसाहारी लोकांना धरून. तिन्ही कॅम्पांतल्या दुकानांत पाव, दूध, कांदे-बटाटे, डबाबंद वस्तू आणि सरपण मिळतं, ताज्या भाज्यांचा भरवसा धरू नका. भारतातून बिया, कच्ची कडधान्यं, दूध-तुपाचे पदार्थ आणू नका, कृषी तपासणीत अडकतात. जोहान्सबर्गच्या फोर्ड्सबर्ग भागात तूरडाळ, पोहे, मसाले, कणीक सगळं मिळतं. पुण्याहून बंद पाकिटातला गोडा मसाला आणि कोरडी चटणी आणलीत तर बास. भाज्या उपिंग्टन किंवा कुरूमानच्या सुपरमार्केटात घ्या. रताळी आणि बटरनट भोपळा फॉइलमध्ये गुंडाळून निखाऱ्यात टाका, अर्ध्या तासात होतात. कॅमलथॉर्नचा निखारा तासन्‌तास राहतो आणि त्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत गॅसवर कधी जमणार नाही असं होतं. तिथल्या मक्याच्या जाड पिठाची, ज्याची ते पाप नावाची लापशी करतात, फोडणी देऊन उकड छान होते. दुपारी मात्र चूल मांडायच्या फंदात पडू नका, सकाळीच दशम्या करून डब्यात घ्या. सरपण विकतच घ्यायचं, उद्यानातली काटकीही उचलायला बंदी आहे. तीच वाळकी झाडं घुबडांची आणि सरड्यांची घरं आहेत.

पाणी माणशी दिवसाला पाच लिटर धरा, शिवाय वीस लिटरचा एक कॅन न फोडता ठेवायचा. कॅम्पांतलं पाणी मचूळ असतं, अंघोळीला ठीक, प्यायला बाटलीबंद. डिझेल तिन्ही कॅम्पांत मिळतं, पण टाकी अर्ध्यावर आली की भरायची सवय ठेवा, आणि पंपावरचं कार्डयंत्र चालेलच असं नाही म्हणून रोख रँड जवळ ठेवा.

मार्ग मी असा धरेन. मुंबईहून जोहान्सबर्ग, गाडी घेऊन पहिला मुक्काम कुरूमानला. दुसऱ्या दिवशी उपिंग्टन-आस्कहॅममार्गे ट्वी रिव्हिरेन. पूर्ण रस्ता डांबरी आहे, तरी अंधार पडायच्या आत पोहोचा, कारण संध्याकाळी रस्त्यात कुडू आणि स्टीनबॉक ही हरणं येतात. तिथे एक रात्र, मग औबच्या पात्रातून सुमारे १२० किलोमीटरवर माता-माता, तिथे दोन रात्री, त्यातली एक टेंटेड कॅम्पला. वाटेत ऑक्टरलोनीला बोअरवेलच्या राखणदाराचं जुनं दगडी घर संग्रहालय म्हणून ठेवलंय, तिथे अर्धा तास थांबा. पाण्याच्या एका पंपाजवळ एक कुटुंब काय परिस्थितीत राहत होतं ते कळतं. मग वरच्या टेकड्यांच्या रस्त्याने लाल वाळू ओलांडून नोसोबला, आणि तिथे सलग तीन रात्री, चार जमल्या तर चार. नोसोबला पाणवठ्यावर उघडणारं लपण, म्हणजे लपून प्राणी पाहायची जागा, आहे. रात्री जेवण झाल्यावर मुलांना पांघरुणात गुंडाळून तिथे नेऊन बसवा. मेमध्ये संध्याकाळी आकाशात त्रिशंकू हा तारकासमूह चांगला वर आलेला असतो, मित्र आणि मित्रक हे तारे त्याच्या शेजारी. शेवटी नोसोबच्या पात्रातून सुमारे १६० किलोमीटर खाली ट्वी रिव्हिरेनला एक रात्र आणि परत. हा १६० किलोमीटरचा रस्ता दिवसभराचा धरा, चार तासांचा नाही.

या जमिनीची माणसं कोण, हेही मुलांना सांगा. खोमानी सान लोकांना उद्यानासाठी इथून हलवलं गेलं होतं. १९९९ मध्ये त्यांचा आणि शेजारच्या मीर समाजाचा जमिनीचा दावा सरकारने मान्य केला, आणि २०१७ मध्ये खोमानी सांस्कृतिक भूप्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. उद्यानातलं काउस लॉज या दोन समाजांच्या मालकीचं आहे. रस्त्याच्या कडेला त्यांची माणसं शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि कोरीवकाम विकतात, ते घासाघीस न करता घ्या. फिरायला जमलं तर सान वाटाड्याबरोबर सकाळी तासभर चाला. त्सामा नावाचं रानटी कलिंगड, ज्याच्या पाण्यावर गेम्सबॉक आणि माणसं दोघंही कोरडे महिने काढत आली, ते त्यांच्याकडून समजून घेण्यासारखं आहे.

कागदपत्रांत एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ज्या देशातून आत शिरलात त्याच देशाच्या फाटकातून बाहेर पडणार असाल तर सीमेचे सोपस्कार लागत नाहीत. पण माता-माताहून नामिबियात उतरायचं ठरलं तर ट्वी रिव्हिरेनलाच पासपोर्टवर शिक्का, उद्यानात किमान दोन रात्रींचं आरक्षण, गाडीमालकाचं सीमा ओलांडण्याचं पत्र, नामिबियाचा व्हिसा, आणि परत जोहान्सबर्गहून उडायचं असेल तर दक्षिण आफ्रिकेचा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा लागतो. दोन्ही मुलांचे, आईवडिलांची नावं असलेले जन्मदाखले जवळ ठेवा. ड्रोन घरीच ठेवा, उद्यानात बंदी आहे.

आरक्षण अकरा महिने आधी खुलं होतं, म्हणजे मे महिन्याच्या तारखा आदल्या वर्षीच्या जूनपासून मिळायला लागतात, आणि टेंटेड कॅम्प फार लवकर भरतो. तंबूच्या जागा जास्त दिवस शिल्लक राहतात, त्यामुळे आधी टेंटेड कॅम्पची रात्र पक्की करा आणि बाकीच्या रात्री तिच्याभोवती बसवा. विमानाची तिकिटं त्यानंतर. गाडीसाठी दोन-तीन ठिकाणांहून दरपत्रकं मागवा आणि आली की त्यातलं विम्याचं पान मला पाठवा, सही करण्याआधी ते वाचून देतो.